टिपरेरीची ‘भली माणसं’

१८८७ साली लंडनमध्ये लेडी वाइल्ड यांचं दोन खंडांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. आयर्लंडमधल्या जुन्या दंतकथा, तोडगे, मंत्र आणि समजुती यांचा तो साठा होता. त्यातला बराच मजकूर त्यांचे दिवंगत पती सर विल्यम वाइल्ड यांच्या टिपणांतून आलेला. विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधले नावाजलेले डोळ्या-कानांचे सर्जन. खेड्यातून आलेल्या रुग्णांना ते बोलतं करत आणि ऐकलेलं उतरवून ठेवत. पुढच्याच वर्षी तेवीस वर्षांच्या डब्ल्यू. बी. येट्सनं आयरिश शेतकऱ्यांच्या अद्भुतकथांचा संग्रह संपादित केला. त्यात या कथांमधल्या अदृश्य प्रजेची रीतसर वर्गवारी होती: कळपानं फिरणारे आणि एकटे राहणारे, लेप्रेकॉन, पूका, कुणी मरणार असेल त्या घराबाहेर आक्रोश करणारी बॅनशी. डब्लिन आणि लंडनच्या दिवाणखान्यांत ही पुस्तकं आवडीनं वाचली गेली. गिरण्यांच्या धुराला कंटाळलेल्या वाचकाला त्यांत हिरवळ दिसली आणि स्वराज्य मागणाऱ्या आयरिश तरुणाला आपल्या देशाचा आत्मा.

त्याच १८८७ सालच्या ऑगस्टमध्ये दक्षिण आयर्लंडच्या टिपरेरी काउंटीत ब्रिजेट बोलंड नावाच्या तरुणीचं लग्न झालं. ती शिवणकाम करायची. क्लॉनमेल गावात काम शिकताना तिची मायकेल क्लिअरीशी ओळख झाली होती. तो लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. लेडी वाइल्ड यांच्या पुस्तकातली अदृश्य माणसं आणि ब्रिजेटच्या घराभोवतीची अदृश्य माणसं एकच होती, निदान नावानं. आठ वर्षांनी, १८९५ च्या वसंतात, दोन्ही घराणी एकाच वेळी वर्तमानपत्रांत झळकली. लेडी वाइल्ड यांचा मुलगा ऑस्कर लंडनच्या न्यायालयात उभा होता आणि ब्रिजेट क्लिअरीचं जळालेलं शरीर टिपरेरीतल्या एका शेताच्या कोपऱ्यात पोलिसांना सापडलं होतं.

ब्रिजेट राहायची ती बॅलीवाडली म्हणजे गावही नव्हे, विखुरलेली वस्ती. जमीन सुपीक, गाईगुरांची. १८४१ साली सुमारे ८२ लाख लोकसंख्या असलेल्या आयर्लंडमध्ये १८९१ साली ४७ लाखच उरले होते. बटाट्याच्या दुष्काळानं सुमारे दहा लाख माणसं मारली, मग जहाजांनी पोरंबाळं अमेरिकेला नेली. मागे राहिलेल्यांत म्हातारे पुष्कळ आणि जमीनदाराशी भांडून दमलेले शेतकरी पुष्कळ. १८८० साली मेयो काउंटीत कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर गावानं बहिष्कार टाकला आणि त्याचं आडनावच त्या हत्याराला चिकटलं. बॅलीवाडलीतही ते हत्यार चालू होतं. क्लिअरींच्या शेजारी राहणारा विल्यम सिम्पसन बेदखल केलेल्या कुळाच्या शेतावर राखणदार म्हणून बसला होता; त्याच्याशी बोलणारे थोडेच, आणि त्या थोड्यांत क्लिअरी पती-पत्नी.

हे जोडपं मागासलेलं होतं असं मानून ही गोष्ट वाचायला घेतली तर ती पहिल्याच पानावर बिघडते. ब्रिजेटला लिहिता-वाचता येत होतं. तिच्याकडे सिंगरचं शिवणयंत्र होतं, कोंबड्या होत्या, आणि अंड्यांचे पैसे तिच्या स्वतःच्या हातात यायचे. पिसं लावलेली टोपी, कानांत सोन्याचे डूल, अंगावर शहरी कापड. मायकेलही साक्षर आणि कसबी. मजुरांसाठी घरं बांधायच्या सरकारी योजनेतलं चांगलं स्लेटच्या छपराचं घर त्यांना मिळालं होतं, ब्रिजेटचे वडील पॅट्रिक बोलंड शेतमजूर होते म्हणून. म्हातारा त्यांच्याजवळच राहायचा. शेजारणींना खुपावं असं सगळं त्या घरात होतं. एक मूल तेवढं नव्हतं. लग्नाला सात वर्षं उलटली होती.

त्या घरापासून जवळच किलेनाग्रॅनाची टेकडी, आणि तिच्यावर एक राथ. राथ म्हणजे मातीचा गोल बांध. आयर्लंडभर असे चाळीस हजारांहून जास्त आहेत. बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळातल्या शेतकऱ्यांची ती वाडे-वस्त्यांची कुंपणं, असं पुरातत्त्ववाले सांगतात. खेड्यातला माणूस मात्र तिथे नांगर घालत नसे, तिथलं काटेरी झुडूप तोडत नसे. ती ‘त्यांची’ जागा. त्यांना थेट नावानं हाक मारायची नाही म्हणून ‘भली माणसं’ म्हणायचं. ती भली नव्हती, हे म्हणणाऱ्याला ठाऊकच असायचं. स्वर्गातून ढकलले गेलेले, पण नरकात टाकण्याइतके पापी नसलेले देवदूत म्हणजे ही माणसं, अशी त्यांची उत्पत्ती सांगत. पाठीला पंख नाहीत, अंगावर चमचम नाही. दिसायला तुमच्या-आमच्यासारखी, गाई पाळतात, बाजार करतात, हर्लिंग या आयरिश खेळाचे सामने खेळतात, मयताला जातात. त्यांना मीठ चालत नाही, लोखंड सोसत नाही. आणि त्यांच्यात सतत काहीतरी कमी असतं. कधी दूध पाजणारी बाई हवी असते, कधी सुईण, कधी सामन्यासाठी दणकट गडी, कधी नवरी. मग ती माणसं उचलून नेतात आणि जागी हुबेहूब दिसणारं दुसरंच काहीतरी ठेवून जातात: मरतुकडं, किरकिरं, खाऊन खाऊन अंगी न लागणारं.

म्हणून पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवायचा. म्हणून काही भागांत लहान मुलग्यांना परकर नेसवायचे, म्हणजे चोरणारे फसतील. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध जमिनीवर सांडायचं. हे तोडगे निरुपद्रवी होते आणि बहुतेकांचा या प्रजेशी संबंध तेवढ्यावरच संपत असे. या विश्वासाचे उपयोगही होते. संध्याकाळी मुलं घराबाहेर भटकत नसत. रात्रभर बाहेर राहिलेल्या पुरुषाला सकाळी सांगायला कारण असे. बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या बाईचं काय झालंय हे कुणालाच कळत नसताना निदान एक वाक्य उपलब्ध असे. क्लेअर काउंटीतल्या बिडी अर्लीसारख्या वैदू बाईकडे लोक मैलोन्‌मैल चालत जात. पाद्री तिच्यावर चिडत, १८६५ साली तिला जादूटोण्याच्या जुन्या कायद्याखाली कोर्टातही खेचलं गेलं, पण खटला टिकला नाही. १८७४ साली ती मेली तेव्हा तिच्या जादूच्या निळ्या बाटलीच्या गोष्टी आधीच चार काउंट्या फिरून आल्या होत्या.

पण अंगावर येणारी बाजूही होती. बदललेलं मूल परत पाठवायचे उपाय पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जात. आधी त्याला फसवून बोलतं करायचं. मग धमकी. मग डिजिटॅलिस या वनस्पतीचा रस, जो हृदयाला खरोखरच विष आहे. शेवटी विस्तव: तापलेल्या फावड्यावर ठेवण्याची भीती घालायची, की ते किंचाळत धुराड्यातून पळून जाईल आणि दारात आपलं खरं मूल उभं असेल. गोष्टींमध्ये फावडं नुसतं दाखवलं की काम भागतं. त्यामुळे परंपरेला स्वतःचा थांबा माहीत होता असं म्हणायचा मोह होतो. फ्लेस्क नदी ते म्हणू देत नाही. १८२६ साली केरी काउंटीत मायकेल लेही नावाच्या मुलाला, ज्याला चालता-बोलता येत नव्हतं, त्या नदीत बुडवलं गेलं. त्याच्या अंगातून ‘ते’ काढायचं होतं असं बुडवणाऱ्या म्हातारीनं सांगितलं; ट्रॅलीच्या कोर्टात ती निर्दोष सुटली. १८८४ साली खुद्द क्लॉनमेलमध्ये तीन वर्षांच्या एका मुलाला तापलेल्या फावड्यावर बसवल्याबद्दल दोन बायकांना अटक झाली. आणि विल्यम वाइल्ड यांच्याच १८५२ सालच्या पुस्तकात, गंमतीदार समजुतींच्या मध्येच, केरीतल्या एका बापाची नोंद आहे: मूल बदललेलं आहे असं समजून त्यानं ते भाजून मारलं, आणि सरकारी वकिलानं त्याला वेडा मानून खटलाच भरला नाही. नोंद दोन वाक्यांची आहे. वाइल्ड पुढच्या विषयाकडे वळतात.

सोमवार, ४ मार्च १८९५. ब्रिजेट अंडी पोचवायला जॅक डनच्या घराकडे गेली. डन तिच्या वडिलांचा चुलतभाऊ, पन्नाशी ओलांडलेला, किलेनाग्रॅनाच्या बाजूला राहणारा. त्या मुलखातल्या सगळ्या जुन्या गोष्टी त्याला तोंडपाठ. दिवस बोचरा थंड होता. ब्रिजेट परतली ती हुडहुडी भरून. दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखी, ताप. अंथरुणाला खिळली ती उठेचना.

शनिवारी म्हातारा बोलंड सुमारे चार मैल चालून फेदर्डला गेला, सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरला बोलवायला. गरिबांसाठी ही सोय १८५१ च्या कायद्यानं झाली होती; घरी येऊन तपासायचं तर लाल चिठ्ठी मिळवावी लागे. डॉक्टर आला नाही. सोमवारी मायकेल स्वतः गेला, वरिष्ठांकडून लेखी हुकूमही मिळवला. डॉक्टर विल्यम क्रीन उगवले बुधवारी, १३ तारखेला. मज्जातंतूंची उत्तेजना आणि किरकोळ ब्राँकायटिस, असं निदान झालं, औषध दिलं गेलं. त्याच दिवशी तरुण पाद्री फादर रायन यांनी येऊन आजारी माणसाला द्यायचे अखेरचे संस्कार उरकले. त्यांच्या मते ती मरणाच्या दारात नव्हती, पण खबरदारी घेतलेली बरी.

डॉक्टर येईपर्यंत डन येऊन गेला होता. खाटेवरच्या बाईकडे पाहून त्यानं सांगून टाकलं, की ही आपली ब्रिजी बोलंड नव्हे. हिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब आहे. हे वाक्य त्या घरात पडलं तेव्हा घराची अवस्था कशी होती, हे ध्यानात घ्यायला हवं. आठवडाभर ताप उतरत नाही. डॉक्टर बोलावूनही येत नाही; पुढे आला तेव्हाही त्याच्या सांगण्यातून काही उलगडलं नाही. मायकेलला झोप नाही. आणि डनच्या बोलण्यात मात्र रोगाचं नाव होतं, कारण होतं, उपायाचा पत्ता होता, मुदतही होती: उशीर केलात तर ती कायमची त्यांची.

गुरुवारी, १४ तारखेला, मायकेल डेनिस गेनी या जडीबुटीवाल्याकडून पाला घेऊन आला. रात्री सिम्पसन आणि त्याची बायको चौकशीला आले तेव्हा दार बंद होतं आणि आतून ओरडणं ऐकू येत होतं. दार उघडल्यावर त्यांना दिसलं ते त्यांनी पुढे कोर्टात सांगितलं. डन आणि ब्रिजेटचे आतेभाऊ, केनेडी बंधू, तिला खाटेवर दाबून धरून होते. मायकेल धारोष्ण दुधात उकळलेला पाला चमच्यानं तिच्या तोंडात कोंबत होता. तिच्यावर मूत्र शिंपडलं जात होतं, कारण तेही त्या प्रजेला सोसत नाही. आणि पुन्हा पुन्हा तिला देवाच्या नावानं विचारलं जात होतं, की तू मायकेल क्लिअरीची बायको ब्रिजेट बोलंडच आहेस ना? मग डनच्या सूचनेवरून तिला उचलून स्वयंपाकघरात आणलं आणि चुलीवर धरलं. बापानं विचारलं, नवऱ्यानं विचारलं. तिनं उत्तर दिलं, पुन्हा दिलं. हो, मीच.

मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यांची खात्री पटली. तिला खाटेवर निजवलं गेलं. त्याच संध्याकाळी किलेनॉलहून निरोप आला होता, की मायकेलचे वडील वारले. केनेडी बंधू रात्रीच मयताला चालत निघाले. मायकेल गेला नाही. स्वतःच्या बापाच्या मयताला न जाणं त्या समाजात केवढी मोठी गोष्ट होती! खाटेवरच्या बाईला नजरेआड करणं त्याला त्याहून मोठं वाटलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. परंपरेनं सांगितलेलं सगळं झालं होतं: औषध, विस्तव, तीनदा प्रश्न, तीनदा उत्तर. अशा किती रात्री आयर्लंडमधल्या किती घरांत इथवर येऊन संपल्या असतील. शुक्रवारी सकाळी फादर रायन यांनी घरातच मास हा प्रार्थनाविधी केला. आदल्या रात्रीचं त्यांना कुणी काही सांगितलं नाही. संध्याकाळी ब्रिजेट उठून चांगले कपडे घालून चुलीपाशी येऊन बसली. बाप, आत्या मेरी केनेडी, आतेबहीण जोहाना बर्क, तिचे भाऊ, सगळे जमलेले. चहा झाला.

भांडण एका शिलिंगवरून लागलं. जोहानानं आणलेल्या दुधाचे पैसे देताना ब्रिजेटनं नाणं पांघरुणाखाली नेऊन मग दिलं, म्हणजे करणी केली, असा संशय निघाला. ब्रिजेटनं झिडकारलं. मग तिनं जे बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं: त्या लोकांबरोबर तुझीच आई जायची, म्हणून तुला माझाही संशय येतो. सासरा कालच वारलेला. सासूबद्दल हे भर स्वयंपाकघरात, पाहुण्यांदेखत. जोहाना बर्कची साक्ष वाचताना मला नेहमी वाटतं, की राथ, पाला, लांब पाय हे सगळं इथे मागे पडतं आणि उरतं ते साधं नवरा-बायकोचं भांडण. त्यात एकाच्या हाताशी फार भयंकर शब्दभांडार आयतं होतं.

मायकेलनं पावाचे तीन तुकडे पुढे केले. प्रत्येक तुकड्याआधी नाव सांग. दोन तिनं खाल्ले. तिसऱ्याला थांबली. त्यानं तिला जमिनीवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला, चुलीतलं जळतं लाकूड तोंडासमोर धरलं. आतल्या झग्यानं पेट घेतला. मग त्यानं रॉकेलचा दिवा उचलून तेल तिच्यावर ओतलं. दाराला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात. ही माझी बायको नव्हे, तिच्या जागी पाठवलेली ठग आहे, आता पाहा धुराड्यातून कशी जाते ती, असं तो म्हणत होता, हे साक्षीत आहे. धुराड्यातून कुणी गेलं नाही.

त्या रात्री पॅट्रिक केनेडीच्या मदतीनं त्यानं प्रेत पोत्या-चादरीत गुंडाळून सुमारे पाव मैलावर दलदलीच्या कोपऱ्यात उथळ खड्ड्यात पुरलं. आणि पुढे जे केलं त्यामुळे या प्रकरणाचा निकाल कायमचा अवघड झाला. त्यानं सिम्पसनकडे रिव्हॉल्व्हर मागितलं. ज्यांनी बायको त्यांच्यात गेल्याचं पटवलं तेच आता राथवर सोबत यायला तयार नाहीत, अशी त्याची तक्रार होती. सिम्पसननं रिव्हॉल्व्हर दिलं नाही. मग मायकेल मोठी सुरी घेऊन किलेनाग्रॅनाच्या राथवर रात्री जाऊन बसू लागला. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून येईल. तिला बांधलेले दोर कापून खाली ओढता आलं तर ती आपली, असा त्याचा हिशेब. सलग तीन रात्री तो गेला. खुनी माणूस पुरावा लपवतो, पळ काढतो. हा माणूस जिला स्वतः पुरलं तिची वाट पाहत थंडीत बसला. हे ढोंग असेल तर पाहायला प्रेक्षक कोण होता? आणि ढोंग नसेल, तर प्रेत गुपचूप पुरलं कशासाठी? दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकत्र नांदू शकतात, एवढंच मला म्हणता येतं.

शनिवारीच मायकेल आणि डन ड्रँगनच्या चर्चमध्ये गेले होते. तिथे मायकेलला रडताना पाहून पाद्र्यांना संशय आला आणि पोलिसांपर्यंत शब्द गेला. अटका झाल्या. २२ मार्चला प्रेत सापडलं: पायांत काळे मोजे, एका कानात सोन्याचा डूल. आरोपी बहुतेक घरचेच होते: नवरा, बाप, आत्या, चार आतेभाऊ, डन. गेनीलाही पकडलं होतं. त्याला सोडून दिलं. जोहाना बर्क माफीची साक्षीदार झाली. क्लॉनमेलच्या रस्त्यांवरून कैदी नेताना गर्दीनं हुर्यो केली. भल्या माणसांवर विश्वास असणाऱ्यांचीही त्या गर्दीत कमी नसावी. क्लोनीनच्या चर्चच्या आवारात ब्रिजेटला पुरलं ते पोलिसांनी. नातेवाईक बरेचसे तुरुंगात, उरलेले आले नाहीत, आणि पाद्रीही आला नाही.

आता वर्तमानपत्रांना सुगी आली. आयर्लंडला स्वशासन देऊ पाहणारं होमरूलचं दुसरं विधेयक १८९३ च्या सप्टेंबरमध्ये लॉर्ड्‌सनी ४१९ विरुद्ध ४१ मतांनी आपटलं होतं. निवडणूक तोंडावर होती. आयर्लंड ब्रिटनलाच जोडलेलं राहावं म्हणणाऱ्या युनियनवाद्यांच्या पत्रांना युक्तिवाद शोधायचीही गरज पडली नाही: बायका जाळणारे हे लोक म्हणे स्वतःचा कारभार करणार! हा सूर मराठी वाचकाला ऐकून माहीत आहे. चारच वर्षांपूर्वी, १८९१ सालच्या संमतीवयाच्या कायद्याच्या वेळी, तोच सूर हिंदुस्थानबद्दल लागला होता, आणि त्याला उत्तर देताना इथल्या पुढाऱ्यांचीही तशीच तारांबळ उडाली होती. आयरिश राष्ट्रवादी पत्रांनी अंग झटकलं: ही अंधश्रद्धा नव्हे, एका माथेफिरूचं कृत्य. आठ-दहा वर्षं जिच्यात राष्ट्राचा आत्मा शोधला जात होता, ती अद्भुत प्रजा त्या वसंतात कुणालाच नकोशी झाली. सिम्पसनशी किंवा अंडी नेणाऱ्या व्यापाऱ्याशी ब्रिजेटचं सूत जुळलं होतं, अशा कुजबुजी मग निघाल्या. मेलेली बाई त्यांना उत्तर द्यायला नव्हती.

लंडनच्या फोकलोर सोसायटीच्या नियतकालिकात वर्ष संपायच्या आत एक लेख आला. त्यात या घटनेला चेटकीण जाळण्याचा प्रकार म्हटलं होतं आणि ती चूक आजतागायत चालू आहे. आयर्लंडमधली जाळलेली शेवटची चेटकीण म्हणून ब्रिजेटचं नाव अजून घेतलं जातं. बॅलीवाडलीत कुणी तिला चेटकीण ठरवून शिक्षा दिली नव्हती. चेटकिणीला जाळतात ती तीच आहे म्हणून. ब्रिजेटला चुलीवर धरलं ते ती तीच नाही म्हणून, आणि जिला आणायचं होतं तिच्यावर सगळ्यांची माया होती म्हणून. बाप तिथे उभा होता तो मुलगी परत मिळावी या आशेनं. हा फरक कळला नाही, तर नऊ-दहा माणसांच्या भरल्या घरात कुणी हात का धरला नाही, हेही कळत नाही.

४ आणि ५ जुलैला क्लॉनमेलमध्ये न्यायमूर्ती विल्यम ओब्रायन यांच्यापुढे खटला चालला. फिनिक्स पार्कमधल्या राजकीय हत्यांचा १८८३ सालचा खटला चालवणारे हेच न्यायमूर्ती. खुनाच्या आरोपातून ज्युरींनी मायकेलला सदोष मनुष्यवधावर आणलं. वीस वर्षं सक्तमजुरी. पॅट्रिक केनेडीला पाच वर्षं, डनला तीन. दोन भावांना दीड-दीड वर्ष. तिसऱ्या भावाला आणि म्हाताऱ्या बोलंडला सहा-सहा महिने. आत्याला सोडून दिलं. त्याच महिन्यात निवडणुका झाल्या आणि युनियनवादी प्रचंड बहुमतानं आले. क्लिअरी प्रकरणामुळे आले असं म्हणणं मात्र अतिशयोक्ती होईल. ऑस्कर वाइल्डला २५ मे रोजीच दोन वर्षांची सक्तमजुरी झाली होती. तो तुरुंगात असतानाच, १८९६ च्या फेब्रुवारीत, लेडी वाइल्ड वारल्या.

शंभरेक वर्षांनी, १९९९ साली, अँजेला बर्क या आयरिश अभ्यासक बाईंनी या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. अद्भुत प्रजेच्या गोष्टी म्हणजे खेड्यानं एकमेकांशी अवघड गोष्टी बोलायची भाषा, असं त्यांचं म्हणणं. मूल न होणं, नवऱ्याहून वरचढ बायको, शेजारणीचा मत्सर, हे सगळं त्या भाषेत तोंडावर न बोलता बोलता येई. मला हे पटतं, आणि तरी मन अडतं. डनला ती भाषा जन्मापासून येत होती. मायकेल बाजारपेठेच्या गावात कसब शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा. त्याला ती अर्धवट येत होती. डनच्या तोंडचं वाक्य कदाचित नेहमीसारखं हवेत विरलंही असतं. मायकेलनं ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं हातात घेतलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत अंमलात आणलं. पण यात डन सुटत नाही. चुलीवर धरा, असं सांगणारा तोच होता.

पुढे स्वतंत्र आयर्लंडनं या गोष्टी पुन्हा आपल्याशा केल्या. १९३५ साली सरकारी लोककथा आयोग स्थापन झाला. १९३७-३८ मध्ये सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवून आणलं. त्या साठ्याची पानं लाखांत मोजतात. त्यांत पाळण्यावरचा चिमटा आहे, राथवर नांगर घालणाऱ्याचे हाल आहेत, बदललेली मुलं आहेत. राथांचंही तसंच. ज्या भीतीनं ब्रिजेटचा जीव घेतला तिनंच हजारो पुरातन वास्तू नांगरापासून वाचवल्या, असं पुरातत्त्वाचे लोक आनंदानं सांगतात, आणि ते खरंही आहे. १९९९ साली क्लेअर काउंटीत लाटून इथला महामार्ग एका काटेरी झुडपाला वळसा घालून नेला गेला. एडी लेनिहान या कथेकऱ्यानं आवाज उठवला होता, की हे भल्या माणसांचं झाड आहे, याला हात लावाल तर अपघात होतील. बातमी जगभर गेली आणि सगळ्यांनी कौतुकानं वाचली.

मायकेल क्लिअरी १५ वर्षं शिक्षा भोगून २८ एप्रिल १९१० रोजी सुटला. टिपरेरीला परत न जाता तो लिव्हरपूलला गेला आणि जुलैमध्ये मॉंट्रियलचं जहाज धरलं. पिंपं बनवणाऱ्या कारागिराला तिथे काम मिळण्यासारखं होतं.